बदक, कासव आणि मास्तर

गल्लीतली पोरं तिला चित्रमावशी म्हणायची. पोरांचं ऐकून त्यांचे आईबापही तेच म्हणायला लागले, आणि शेवटी पोस्टमनसुद्धा खालून "चित्रमावशीऽ" अशी हाक मारू लागला. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणं हा तिचा व्यवसाय. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावलेलं टेबल, टेबलावर रंगांच्या वड्या, ब्रश धुवायचा कान तुटलेला कप आणि रंग पुसायच्या चिंध्या. घरात पाहुणा आला की आधी खुर्ची ओली नाही ना हे बघून मग त्याला बसा म्हणायचं, अशी तिथली रीत होती.

नवरा शाळामास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळ्यांच्या तोंडी मास्तरच राहिला. मास्तरांनी उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. वर्गातल्या सगळ्यात आडदांड पोराला ते आपल्या टेबलाशेजारी बसवून घ्यायचे आणि त्याच्याकडून सगळ्या वर्गाच्या पेन्सिलींना टोकं काढून घ्यायचे. टोकं काढता काढता पोरगं आपोआप निवायचं. घरात झुरळ निघालं की बायको चप्पल शोधायची आणि मास्तर कागद शोधायचे. झुरळाला कागदावर घेऊन ते गॅलरीतून हळूच खाली सोडायचे.

"त्याला 'पुन्हा या' म्हणालात की नाही?" चित्रमावशी विचारायची.

"ते काय सांगायला हवं? येतंच ते," मास्तर म्हणायचे.

मास्तर गोष्टी लिहायचे आणि मावशी त्यांची चित्रं काढायची. अशी बरीच पुस्तकं झाली होती. एके दिवशी प्रकाशकबाई घरी आल्या. धिप्पाड, बोलक्या, चहात साखर विरघळेपर्यंतही गप्प न बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, आजकाल पोरं फार हातघाईवर येतात हो. खेळता खेळता ढकलाढकली, ढकलाढकलीतून मारामारी. शाळांकडून सारखी मागणी आहे. मारण्यापेक्षा शांत राहणं चांगलं, असं शिकवणारी गोष्ट द्या ना एखादी."

"शिकवणारी नाही जमायची," मास्तर म्हणाले. "गोष्ट हवी असेल तर बघतो."

त्यांनी लिहिली ती एका बदकाची गोष्ट. बदकाला वाटायचं, तळं आपल्या एकट्याचं आहे. बगळा आला की हे फिस्स करून त्याच्या अंगावर धावून जायचं. बेडूक आला, त्याला टोचायचं. गाय पाणी प्यायला आली तर तिच्या पायाला चावायचं. मग एक दिवस तिथं कासव आलं. बदक तरातरा गेलं, त्याच्या पाठीवर चढलं, टोचलं, पंख आपटले. कासवानं डोकं आत घेतलं. बदक दमल्यावर कासवानं हळूच डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "झालं का तुझं?"

बदक पुन्हा धावून जायचं, कासव पुन्हा आत. दर दोन पानांनी तोच प्रश्न, "झालं का तुझं?" मास्तर ते असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला हसू आवरायचं नाही. त्यात कुत्सितपणा नसायचा. दुकानदार गिऱ्हाइकाला 'अजून काही हवंय का' असं विचारतो, तसं.

गोष्टीत कुणी बदकाला हरवत नाही आणि कुणी त्याला शहाणपण सांगत नाही, यावर मास्तरांचा भर होता. अडलं ते फक्त शेवटच्या पानाशी. बदक शांत होतं, पण ते का होतं, हे त्यांना अजून सापडलं नव्हतं. "हे घाईनं लिहायचं नाही," ते म्हणाले. "तू चित्रं सुरू कर. शेवटचं पान मी देतो."

मावशीनं चित्रं सुरू केली. तळं झालं, गवत झालं, कासव तर पहिल्या फटक्यात जमलं. बदक मात्र काही केल्या रागवेना. भुवया नसलेल्या प्राण्याला रागीट करायचं कसं? चोच उघडी काढली की ते गाणं म्हणतंय असं वाटायचं. मान पुढे काढली की भुकेलं दिसायचं. कागदामागून कागद ती फाडत होती. मास्तर खांद्यावरून डोकावून म्हणाले, "हे तर आपल्या शाळेच्या शिपायासारखं दिसतंय. त्याला राग येतच नसे." दोघंही हसली. मास्तर नेहमीसारखे हसले तो दिवस पुढे तिनं खूपदा आठवून पाहिला.

त्यानंतर काही दिवसांनी ब्रश धुवायच्या कपाला मास्तरांचा धक्का लागला आणि पाणी सांडलं. यात नवल काहीच नव्हतं. त्या घरात हे रोजचंच होतं. पण मास्तर ओरडले. "कितीदा सांगितलं, इथं पाणी ठेवू नकोस म्हणून!" असं त्यांनी एकदाही सांगितलेलं नव्हतं. मग तो कप उचलून त्यांनी भिंतीवर फेकला. मावशी बघतच राहिली. तिला आधी भीती वाटलीच नाही. तिला वाटलं, हे मास्तर कुणाची तरी नक्कल करून दाखवताहेत.

नक्कल नव्हती. पुढच्या दिवसांत दूधवाला, जिन्यात खेळणारी पोरं, टीव्हीवर बातम्या देणारी बाई, ज्याच्या त्याच्यावर मास्तर उखडायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात एक शिवी दिली नव्हती, त्याच्या तोंडून अशा शिव्या बाहेर पडायला लागल्या की त्या यांना माहीत तरी कधी झाल्या, याचंच मावशीला नवल वाटायचं. लेक दुसऱ्या गावाहून आली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या, फोटो निघाले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरला आणि कपाळामागच्या भागावरून पेन फिरवलं.

"हा भाग सुकत चालला आहे," ते म्हणाले. "माणसाला आवर घालायचं काम याच भागाचं असतं."

"यावर औषध?" लेकीनं विचारलं.

"त्रास कमी करायला आहे. हे थांबवायला नाही."

"पण ते फार शांत होते हो," मावशी म्हणाली. म्हणजे डॉक्टरांचा काहीतरी गोंधळ होतोय, दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो हातात आहे, असं तिला सुचवायचं होतं.

"आजार काही स्वभाव विचारून येत नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. माणूस भला होता, पण बाहेर रांग होती.

मावशी घरी आली आणि तिनं काम चालू ठेवलं. दुसरं काय करणार? मास्तर अधूनमधून अगदी पूर्वीसारखे असायचे. मग ती हळूच विचारायची, "अहो, त्या शेवटच्या पानाचं काय करायचं?" ते विचारात पडायचे. "बदक..." म्हणायचे, आणि पुढचा शब्द जणू फडताळात हात घालून चाचपडत राहायचे. एकदा म्हणाले, "बदकाला थंडी वाजते." एकदा म्हणाले, "त्याला विचार ना." कुणाला विचार, हे काही सांगितलं नाही.

एका दुपारी ते पंख्याच्या आवाजावर चिडले. पंखा बंद केला तरी आवाज येतोच आहे म्हणून आणखी चिडले. खुर्ची आपटली, उशी भिरकावली, पडदा दांडीसकट खाली ओढला. मावशी दाराशी उभी होती. ते धापा टाकत थांबले तेव्हा तिच्या तोंडून कसं कोण जाणे, निघून गेलं, "झालं का तुमचं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ओठांचा कोपरा हलला. मग ते हसले, ओळखीचं, आतून आलेलं हसू, आणि मटकन पलंगावर बसले. मावशी त्यांच्या शेजारी बसली. पडदा दोघांच्या पायांत पडला होता. तिला इतका आनंद झाला की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे जाऊन सांगावंसं वाटलं. आपल्याला किल्ली सापडली, असं ती धरून चालली. गोष्ट त्यांचीच, मग ती त्यांना लागू पडणार नाही तर कुणाला?

पुढच्या वेळी तिनं मोठ्या विश्वासानं तेच विचारलं. मास्तरांनी तिच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून टेबलाखाली गेला.

ती टेबलाखाली वाकून चष्मा शोधत राहिली. सापडल्यावरही थोडा वेळ तशीच वाकून बसली, कारण वर उठलं की त्यांच्याकडे बघावं लागणार होतं. उठली तेव्हा मास्तर खिडकीतून बाहेर बघत शीळ घालत होते. काय झालं, ते त्यांच्या गावीही नव्हतं. राग धरावा तर कुणावर, हेच तिला कळेना. मारणारा हात ओळखीचा होता, आणि मारणारा माणूस घरातच नव्हता.

लेकीला फोनवर तिनं सांगितलं, "कपाटाचं दार लागलं गालाला." अशी दारं त्यानंतर बरीच लागली.

त्याच आठवड्यात बदक जमलं. मावशी ब्रश घेऊन बसली आणि हात आपोआप चालला. चोच, मान, पंख काही फार वेगळं नव्हतं, पण डोळे काढले आणि ती थबकली. समोरच्याकडे रोखलेले आणि तरी समोरचा दिसतच नसलेले, वरून पेटलेले आणि खाली कुठंतरी घाबरलेले डोळे. ते कुणाचे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कागद फाडायला तिनं हात घातला. पण चित्र चांगलं होतं. जन्मभर तिनं काढलेल्या चित्रांत ते सगळ्यात चांगलं होतं. तिनं ते उलटं करून ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली.

प्रकाशकबाईंनी चित्रं पाहिली आणि त्या हरखून गेल्या. "मावशी, बदकाचे डोळे काय काढलेत हो! असे डोळे सुचले तरी कसे तुम्हाला?"

"काढता काढता जमले," मावशी म्हणाली.

"आणि शेवटचं पान?"

शेवटचं पान तिनंच केलं होतं. मास्तरांचे शब्द नव्हते, तेव्हा तिनं शब्द घातलेच नाहीत. नुसतं चित्र होतं: संध्याकाळचं तळं, काठावर बदक मान खाली घालून बसलेलं, आणि थोडं बाजूला कासव. बस्स.

प्रकाशकबाईंनी पान उजेडात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं. "सुंदर आहे. पण मुलांनी यातून घ्यायचं काय? बदक शांत झालं कशानं?"

"ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं."

"मास्तरांना विचारून..." बाई बोलता बोलता थांबल्या. आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला होता. त्यांनी मावशीच्या गालाकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. "बरं, बघू. मी काहीतरी करते. तुम्ही नका काळजी करू."

पुस्तक छापून आलं तेव्हा शेवटच्या चित्राखाली ठसठशीत अक्षरांत एक ओळ होती: 'कासवाच्या शांतपणापुढे बदकाचा राग हरला, आणि दोघे मित्र झाले.' मुखपृष्ठावर लेखक म्हणून मास्तरांचं नाव होतं. मावशीला प्रकाशकबाईंना फोन करावासा वाटला. मग वाटलं, काय सांगणार? ओळ खोटी आहे? सगळ्या पुस्तकांत असंच तर लिहिलेलं असतं. तिनं स्वतः अशा कितीतरी ओळींवर चित्रं काढली होती.

पुस्तक चाललं. शाळांनी घेतलं. एका शाळेनं मावशीला गोष्ट सांगायला बोलावलं. मास्तरांना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तोवर घरी एक मदतनीस ठेवला होता. रुग्णालयात उभी हयात काढलेला, टकल्या, थट्टेखोर गृहस्थ. "तुम्ही खुशाल जा, मावशी," तो म्हणाला. "मास्तर आणि मी पत्ते खेळतो. त्यांना नियम आठवत नाहीत आणि मला जिंकायची सवय नाही. चांगलं जमतं आमचं."

वर्गात मुलं सतरंजीवर बसली होती. मावशीनं पानं उलटत गोष्ट सांगितली. "झालं का तुझं?" आलं की सगळा वर्ग तिच्याबरोबर ओरडायचा. वर्गाच्या बाई कौतुकानं भिंतीशी उभ्या होत्या. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या वेणीची एक बाजू सुटलेली होती.

"कासवाला लागलं नाही?"

"नाही ना," मावशी म्हणाली. "कासवाची पाठ टणक असते. त्याला काही होत नाही."

"आणि पाठ टणक नसती तर?"

मुलं हसली. ती मुलगी हसत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. मावशीनं पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकात ते नव्हतं. त्या मुलीला असं का विचारावंसं वाटलं, तिच्या घरी कोण आहे, हे विचारावं असं मावशीच्या अगदी ओठांवर आलं. पण तितक्यात बाई पुढे आल्या. "छान प्रश्न! पण आपली वेळ संपली हं. मावशींना थँक्यू म्हणा सगळ्यांनी." सगळ्यांनी एका सुरात थँक्यू म्हटलं. ती मुलगीही म्हणाली. रांग वळून दाराबाहेर गेली आणि मावशी खुर्चीत बसून राहिली. नंतर तिनं बाईंना त्या मुलीबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, "ती होय? ती नेहमीच काहीतरी विचारते."

घरी आली तर मदतनीस जिन्यातच बसलेला. ओठ फुटला होता, त्यावर रुमाल दाबून धरलेला. वर दाराला बाहेरून कडी होती आणि आतून मास्तर दारावर धक्के देत होते.

"मावशी, माणूस वाईट नाही," तो म्हणाला. "पण माझे दातही आता मोजकेच उरलेत. मला माफ करा." आणि खरंच हात जोडून तो गेला. मावशीनं कडी काढली नाही. दाराच्या अलीकडे ती पायरीवर बसली, आणि आतले धक्के थांबेपर्यंत बसून राहिली. खालचा शिंपी वर आला, तिच्याजवळ पाण्याचा ग्लास ठेवला आणि परत गेला.

लेक आली. तिनं आईचा दंड पाहिला, मान पाहिली, आणि ती रडली नाही, चिडली. "किती दारं आहेत गं तुझ्या घरात, आई?"

"त्यांना कळत नाही, बाळा."

"त्यांना कळत नाही म्हणून तू मरायचं का? बाबा बरे असते ना, तर त्यांनीच तुला इथून उचलून नेलं असतं."

हे खरं होतं. जो माणूस तिला सोडवायला धावला असता, त्याच्यापासूनच सुटायचं होतं. गावाबाहेर अशा रुग्णांसाठी एक संस्था होती. लेकीनं सगळं ठरवलं. मावशीनं मास्तरांच्या बॅगेत कपडे भरले, चष्मा ठेवला, आणि पुस्तक ठेवू की नको असं करत शेवटी ठेवलं. गाडीत बसताना मास्तर खुशीत होते. "शाळेची सहल का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"डबा घेतलास?"

तिनं मान हलवली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

पहिल्या काही दिवसांत त्यांनी तिथं एका म्हाताऱ्याला ढकललं आणि एका परिचारिकेचे केस उपटले. मग तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. पुढच्या वेळी मावशी गेली तेव्हा परिचारिका हसून सामोरी आली. "आता अगदी शांत आहेत हं मास्तर. काही त्रास नाही."

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. केस विंचरलेले, हात मांडीवर. खरोखर शांत. ती समोर बसली, बोलली, लेकीचं सांगितलं, शिंप्याचं सांगितलं. त्यांनी ना मान हलवली ना डोळे. तिनं पुस्तक उघडून एकेक पान दाखवलं. बदकाचे ते डोळे आले तेव्हा तिनं ते पान जरा जास्त वेळ धरून ठेवलं. मास्तरांची नजर बदकावरून घसरून चादरीवर गेली आणि तिथंच राहिली. ओठाच्या कडेला लाळ आली होती ती तिनं पुसली.

परत जाताना तिनं डॉक्टरांना गाठलं. "गोळ्या थोड्या कमी नाही का करता येणार?"

"कमी केल्या तर पुन्हा मारतील, मावशी. दुसऱ्या रुग्णांनाही. मी काय करू, तुम्हीच सांगा."

शांतपणा चांगला, असं ती शाळेत मुलांना सांगून आली होती, आणि इथं हा एवढा मोठा शांतपणा तिच्या समोर खुर्चीत बसलेला होता. तो तिला बघवत नव्हता. पण त्या ढकललेल्या म्हाताऱ्याचीही बायको दर आठवड्याला फळं घेऊन यायची. तिच्याशी मावशीची ओळख झाली होती.

प्रकाशकबाईंचा फोन आला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, आणि त्याच बदकाची आणखी एखादी गोष्ट हवी होती. "तुम्हीच लिहा आता," त्या म्हणाल्या. मावशी बघते म्हणाली. शेवटची ओळ काढून टाकायला मात्र तिनं त्याच फोनवर सांगितलं. बाई बराच वेळ समजावत राहिल्या. शाळांना ती ओळच आवडते म्हणाल्या. नवी आवृत्ती आली, ओळ होती तिथंच होती.

मावशी दर आठवड्याला बसनं संस्थेत जात राहिली. एका दुपारी ती मास्तरांना दूध पाजत होती. चमचा तोंडाशी नेला आणि अचानक त्यांनी तिचं मनगट धरलं. गच्च. चमचा खाली पडला, दूध साडीवर सांडलं. पकड घट्ट होत गेली, हाड दुखायला लागलं. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, ना राग, ना ओळख. मारायला धरलंय की जाऊ नकोस म्हणून धरलंय, हे तिला कळेना. तिनं हात सोडवला नाही. "अहो," ती हळूच म्हणाली. "अहो, मी आहे."

परिचारिका धावत आली आणि एकेक बोट उलगडून तिनं मनगट मोकळं केलं. "दुखलं का हो फार?" तिनं विचारलं.

मास्तरांचा हात पुन्हा मांडीवर जाऊन पडला. मावशीनं जमिनीवरचा चमचा उचलला, धुवायला नळाशी गेली, आणि पाणी सोडून तिथंच उभी राहिली.